चिरीमिरी, वडाप आणि शिवलेला कावळा

पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही फाट्यावर एसटी चुकलेल्या माणसाला कोणीतरी सांगतंच, ‘आता वडाप बघा.’ वडाप म्हणजे माणसं कोंबून तालुक्याच्या गावाला नेणारी जीप. पोलिसांच्या आणि परिवहन खात्याच्या कागदात तिला ‘अवैध प्रवासी वाहतूक’ म्हणतात. मराठवाड्यात आणि विदर्भात तीच गाडी रंगावरून ‘काळी-पिवळी’ होते. पुण्यात सहा आसनी रिक्षा धावू लागल्या तेव्हा लोकांनी तिचं पुढे आलेलं तोंड पाहिलं आणि ‘डुक्कर रिक्षा’ हे नाव ठेवलं. टाटांचा छोटा ट्रक २००५ मध्ये बाजारात आला आणि भाजीवाल्यापासून बांधकामवाल्यापर्यंत सगळ्यांचा ‘छोटा हत्ती’ झाला. एसटीची लाल गाडी आधी ‘लाल डबा’ होती. पुढे कोणाला तरी तिची माया आली आणि ती ‘लालपरी’ झाली. हे दुसरं नाव तर खुद्द महामंडळानंही आपलंसं केलं.

ही नावं कोणी ठेवली याची नोंद कुठेही नाही. त्यांसाठी समिती बसली नाही, शासन निर्णय निघाला नाही, पारिभाषिक कोशाचा मसुदा फिरला नाही. तरी सहा आसनी रिक्षा हे नाव परवान्यावर राहिलं आणि डुक्कर रिक्षा तोंडात बसलं. माझं म्हणणं एवढंच आहे की मराठीची शब्द घडवण्याची ताकद आज कुठे जिवंत आहे हे पाहायचं असेल तर ते फाट्यावर, बाजार समितीत, वसतिगृहात आणि चहाच्या टपरीवर पाहावं लागेल. आणि तिथे घडलेले शब्द शिस्तीने, दाखल्यांसह, तारीख आणि गाव लिहून नोंदवणं हे आपल्या विद्यापीठांचं आणि सरकारचं काम आहे. ते आपण टाळत आलो आहोत. टाळण्याचं कारण आळसाइतकंच लाजेतही आहे. हसवणारा शब्द अभ्यासाला योग्य नाही, असं आपल्याला मनापासून वाटतं.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून शुद्धतेची काळजी नव्याने बोलली जाऊ लागली. तरुणांची भाषा बिघडली, ‘कल्टी’, ‘झोल’, ‘राडा’ असले शब्द बातम्यांतही शिरले, अशी तक्रार ऐकू येते. या तक्रारीमागची तळमळ खरी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. ज्यांनी आयुष्यभर वर्गात मराठी शिकवली त्यांना मुलांचं शब्दभांडार आटताना दिसतं, आणि त्याचं खापर सहज डोळ्यांत भरणाऱ्या शब्दांवर फुटतं. पण अभिजात दर्ज्यासाठी आपण जो पुरावा अभिमानाने पुढे केला, ती गाथासप्तशती कोणत्या भाषेत आहे? गावातल्या बायाबापड्यांच्या बोलीशी नातं असलेल्या प्राकृतात. त्यात शेतं आहेत, नदीकाठचे संकेत आहेत, सासवा-नणंदांना चुकवून केलेली सूचक बोलणी आहेत. एका अर्थी आपला इतका जुना दाखला हाच मुळी गावातल्या रोजच्या बोलण्याचा आहे.

घडवलेल्या शब्दांना माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. ‘संगणक’ घडवलेलाच आहे आणि तो रुळला. ‘षटकार’ आणि ‘चौकार’ घडवलेले आहेत. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांसारख्यांनी मराठीतून क्रिकेटचं वर्णन केलं आणि ते शब्द घराघरांत गेले. ‘भ्रमणध्वनी’ मात्र पत्रिकांवर आणि फलकांवर राहिला, तोंडात ‘मोबाइल’च आला. शब्द कोशातून आला की कट्ट्यावरून, यावर त्याचं आयुष्य ठरत नाही. बोलणाऱ्याची गरज भागली की तो राहतो. क्रिकेटमध्येच पाहा. षटकाराच्या शेजारी गल्लीतला ‘भोपळा’ सुखाने नांदतो. शून्यावर बाद झालेल्या फलंदाजाबद्दल लिहिताना क्रीडा वार्ताहर तो बिनदिक्कत वापरतात. आणि ‘खडूस’? हा शब्द मुळात शिवीच्या जवळचा, कुरकुऱ्या आणि आडमुठ्या माणसासाठीचा. मुंबईच्या मैदानांवर तो विकेट न फेकणाऱ्या, शेवटच्या चेंडूपर्यंत समोरच्याला काही न देणाऱ्या खेळाडूला लागला आणि तिथे त्याची पदवी झाली. ज्या संघाने २०२४ मध्ये बेचाळिसाव्यांदा रणजी करंडक जिंकला, त्याच्या खेळाचं वर्णन करायला याहून नेमका शब्द कोणत्याही परिभाषेत सापडणार नाही.

नेमकेपणा हाच या शब्दांचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि तो सर्वांत जास्त दिसतो लाचेच्या शब्दांत. इथे जरा थांबायला हवं, कारण आपल्या समाजाचा एवढा तपशीलवार नकाशा दुसरीकडे कुठे मिळत नाही.

कायद्याच्या भाषेत लाच ही लाच असते. लोकांच्या भाषेत तिच्या जाती आहेत. शिपायाच्या हातावर ठेवली जाते ती ‘चिरीमिरी’. शब्दाच्या उच्चारातच रक्कम किती किरकोळ आहे ते कळतं. काम झाल्यावर, थोड्या खुशीने आणि थोड्या नाइलाजाने दिलं जातं ते ‘चहापाणी’. फाइल वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर ठेवायचं ते ‘वजन’. दर महिन्याला ठरल्या तारखेला पोचवायचा तो ‘हप्ता’. रस्त्याच्या आणि बंधाऱ्याच्या कामातून कामाच्या रकमेच्या प्रमाणात वरपर्यंत वाटली जाते ती ‘टक्केवारी’. ती मिळण्याची शक्यता ज्या खात्यात जास्त ते खातं ‘मलईदार’. दोन भांडणाऱ्या पक्षांना बसवून, दोघांकडूनही घेऊन मिटवलं की ती ‘मांडवली’. यातला प्रत्येक शब्द देणारा कोण, घेणारा कोण, रक्कम किती, एकदाच की पुन्हा पुन्हा, आधी की नंतर, हे सगळं सांगतो. चिरीमिरी आणि टक्केवारी यांची अदलाबदल कोणीही करत नाही. ग्रामसेवकाबद्दल ‘त्याने खोका घेतला’ असं कोणी म्हणत नाही आणि मोठ्या कंत्राटाबद्दल ‘चिरीमिरी’ म्हणत नाही.

या शब्दांमागे किती माणसांचा अनुभव आहे याचा विचार करावा. सात-बारावर वारसाची नोंद लावायला गेलेली विधवा, दाखल्यासाठी तीन खेपा मारलेला विद्यार्थी, हातगाडी लावणारा, ट्रकचालक, छोटा ठेकेदार. यांपैकी कोणालाही तक्रार लिहिण्याची सोय किंवा हिंमत नव्हती. त्यांच्या हाती होतं ते नाव ठेवणं, आणि ते त्यांनी अचूक ठेवलं. राज्याच्या ज्या खात्याकडे या तक्रारी जातात त्याचं नाव ‘लाचलुचपत प्रतिबंधक विभाग’ आहे. लाचलुचपत हा जोडशब्द चिरीमिरीच्याच जातकुळीतला, बोलण्याच्या ओघात नादावर घडलेला. सरकारी पाटीवर तो शोभून दिसतो, कोणाला त्यात ग्राम्यता वाटत नाही. तो मुरला आहे म्हणून वाटत नाही. चिरीमिरीही त्याच वाटेने पुष्कळ पुढे आली आहे.

‘खोका’ आणि ‘पेटी’ यांची वाट वेगळी. मुंबईच्या गुन्हेगारी टोळ्यांत फोनवर रक्कम उघड बोलायची नसे. म्हणून लाखाची झाली पेटी आणि कोटीचा खोका. माणूस मारण्याचं काम ‘सुपारी’ झालं, पिस्तूल ‘घोडा’ झालं. पुढे खंडणीच्या बातम्यांतून हे शब्द घरोघर पोचले. ऑगस्ट २०२२ मध्ये विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनात विरोधी आमदारांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा दिली. पक्ष फोडून गेलेल्या आमदारांनी प्रत्येकी पन्नास कोटी घेतले, असा तिचा रोख होता. ज्यांच्यावर तो आरोप होता त्यांनी तो नाकारला. आरोप खरा की खोटा हा इथला विषय नाही. इथला विषय हा की टोळीची सांकेतिक बोली विधानभवनाच्या दारात उभी राहिली आणि राज्यातल्या एकाही माणसाला तिचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. लग्नाच्या वरातीत, शाळेच्या मैदानावर, बैलपोळ्याला बैलांच्या अंगावरसुद्धा ती घोषणा दिसली. २०२३ मध्ये तर खोक्यांवरच्या गाण्यामुळे एका तरुण रॅपरवर गुन्हा दाखल झाला. ज्या शब्दामुळे पोलीस ठाण्यात नोंद होते, त्याची भाषेच्या कोशात नोंद नसावी, हे मला पटत नाही. पन्नास वर्षांनी या काळाचा इतिहास लिहिणाऱ्याला ‘खोका’ कळला नाही तर त्या वर्षाचं राजकारणच कळणार नाही.

सांकेतिक बोलीतून मुख्य भाषेत येण्याचा हा प्रवास मराठीला नवा नाही. जुन्या बाजारपेठांत व्यापाऱ्यांची आणि दलालांची ‘नंदभाषा’ होती. गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायचा आणि त्याला तो कळू द्यायचा नाही, म्हणून आकड्यांना वेगळी नावं होती. तीन म्हणजे उधानू, पाच म्हणजे मुळू, दहा म्हणजे अंगळू. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या एका रचनेत शंकराचं वर्णन याच आकड्यांत येतं: पाच मुखं, तीन डोळे, दहा हात. बाजारातली दलालांची बोली देवाच्या वर्णनाला चालली. आपल्याला मात्र ती कोशाला चालत नाही.

शाळेत आपण जे वाक्प्रचार पाठ करतो, ज्यांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायचा असतो, ते पाहा. ‘पानिपत होणे’ ही १७६१ च्या पराभवानंतर घरोघरी चाललेल्या शोकाची आणि पुढे चेष्टेचीही बोली. ‘ध चा मा करणे’ ही १७७३ साली नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर शनिवारवाड्याबाहेर पसरलेली वदंता. ‘बाजारबुणगे’ म्हणजे फौजेमागून चालणारा बिनलढाऊ लवाजमा, आज तो कोणत्याही निरुपयोगी गर्दीला लागतो. फसवण्यासाठी टोपी घालणे, शेंडी लावणे, तोंडाला पाने पुसणे असे कितीतरी प्रयोग आहेत, आणि प्रत्येकाच्या मुळाशी कोणाच्या तरी तोंडची एक गंमत आहे. त्यांच्या शेजारी आजचे ‘गंडवणे’, ‘मामा बनवणे’, ‘चुना लावणे’ ठेवले तर फरक फक्त वयाचा आहे. आधीच्यांना गुण मिळतात आणि नंतरच्यांखाली लाल रेघ येते. मुलाने निबंधात ‘पोपट झाला’ लिहिलं तर ते औपचारिक लेखनात बसत नाही हे शिक्षकाने जरूर सांगावं. औपचारिक आणि अनौपचारिक यांतला फरक शिकवणं हेही भाषेचंच शिक्षण आहे. पण तो शब्द वाईट आहे असं सांगू नये. फजिती होणाऱ्या माणसाचा पोपट का झाला, यावर वर्गात दहा मिनिटं बोलता येईल, आणि त्या दहा मिनिटांत लक्षणा म्हणजे काय ते व्याख्येपेक्षा चांगलं समजेल.

या सगळ्या चर्चेत एक मोठी चूक नेहमी होते. गमतीचे, आडपडद्याचे शब्द म्हटले की डोळ्यांसमोर कॉलेजचे कट्टे आणि तिथे बसलेले तरुण येतात. म्हणजे पुरुष. बायकांनी घडवलेले शब्द या खात्यात मोजलेच जात नाहीत. आई आज वेगळी का बसली, स्वयंपाकघरात का येत नाही, असं अंगणातल्या मुलाने विचारलं की आजी सांगायची, ‘तिला कावळा शिवलाय.’ पाळीला इतकं बेमालूम नाव कोणत्या भाषापंडिताने दिलं? कुठल्याही नाही. घरातल्या बायांनी ते घडवलं, कारण विषय बोलायचा नव्हता आणि चार दिवस बाजूला बसणं तर उघड दिसत होतं. मूल हसायचं, कावळ्याकडे बघायचं आणि खेळायला जायचं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, ‘वाढवली’ म्हणायचं. रात्रीच्या वेळी सापाचं नाव घ्यायचं नाही, ‘जनावर’ म्हणायचं. दुकानदारानेही हाच मार्ग धरला. तो दुकान बंद करत नाही, ‘वाढवतो’. दारू पिण्याला नुसतं ‘बसणं’ म्हणणारा आजचा तरुण आणि बांगडी वाढवणारी त्याची पणजी यांनी एकच गोष्ट केली आहे. बोलायला अवघड वस्तूवर साधा, रोजचा शब्द पांघरला आहे.

आजच्या मुली ‘पिरियड्स’ किंवा सरळ ‘पाळी’ म्हणतात, आवाज न उतरवता म्हणतात, आणि मला त्याचा आनंद आहे. कावळा शिवण्यामागे जी अस्पृश्यता होती ती जायलाच हवी होती. पण शब्द गेला म्हणून त्याची नोंदही जाऊ द्यायची का? त्या एका शब्दात घराची रचना आहे, धर्माची बंधनं आहेत, मुलापासून लपवण्याची कला आहे आणि बायकांची सोशीक विनोदबुद्धी आहे. तो कोणत्या भागात कोणत्या रूपात चालत होता, त्याऐवजी दुसरीकडे काय म्हणत, हे विचारण्यासारख्या बाया आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

लोकांनी ठेवलेलं प्रत्येक नाव चांगलंच असतं असा माझा दावा नाही. आषाढी अमावास्या ही दिव्यांची अवस. घरातले दिवे घासून-पुसून पाटावर मांडायचे, कणकेचे दिवे करायचे, त्यांची पूजा करायची. श्रावण लागण्याआधीची शेवटची मांसाहाराची आणि दारूची संधी म्हणून शहरांत तिची ‘गटारी’ झाली, आणि आता पुष्कळ घरांत दिवे माहीत नाहीत, गटारीच माहीत आहे. मला याचं वाईट वाटतं. एका शब्दाने एक सबंध विधी झाकून टाकला. तरीही या बदलाची जबाबदारी शब्दावर टाकणं मला योग्य वाटत नाही. दिवे घासणं आधी थांबलं, नाव नंतर बदललं.

खरी हरकत घ्यायला हवी ती दुसऱ्या जागी, आणि शुद्धतेची काळजी करणारे नेमके तिथेच गप्प राहतात. राखीव जागेवरून प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला ‘सरकारचा जावई’ म्हणतात. शब्द शुद्ध आहेत, व्याकरण शुद्ध आहे, विनोदही सुसंस्कृत घरांत चालतो. आणि तो ऐकणाऱ्या मुलाच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर एका क्षणात पाणी पडतं. डोकं फिरलंय असं सुचवायला ‘येरवड्याला पाठवा’ किंवा ‘ठाण्याला भरती करा’ म्हणतात, आणि ज्या घरातला माणूस खरोखर त्या मनोरुग्णालयात उपचार घेतो आहे त्यांना मान खाली घालावी लागते. मुलींसाठी कट्ट्यावर जे शब्द चालतात, ‘माल’, ‘सामान’, ‘आयटम’, ते सगळे दुकानातले आहेत. त्यांत माणूस कुठेच नाही. १९६० च्या दशकात मुंबईत दाक्षिणात्यांच्या भाषांची टर उडवायला ‘यंडुगुंडू’ हा शब्द चालला. ऐकायला तो मजेशीर होता. त्याच काळात उडपी हॉटेलांवर दगडही पडले.

म्हणून या शब्दांना कसोटी लावायचीच असेल तर ती शुद्ध-अशुद्धाची लावू नये. शब्द कोणाला हसतो, एवढंच पाहावं. ‘चमकोगिरी’ चौकाचौकात स्वतःचे फलक लावणाऱ्या पुढाऱ्याला हसते. ‘टक्केवारी’ सत्तेला हसते. ‘सतरंज्या उचलणं’ हा प्रयोग तर पक्षासाठी आयुष्य घालवून हाती काही न लागलेल्या कार्यकर्त्यांनी स्वतःच चालवला, त्यात आपल्याच नेत्यांना विचारलेला प्रश्न आहे. हे शब्द खालून वर जातात. ‘सरकारचा जावई’ वरून खाली येतो. हा भेद मुलांना सातवी-आठवीतही समजतो आणि तो समजावून सांगणं कोणत्याही शुद्धलेखनाच्या नियमापेक्षा निकडीचं आहे. कोशात मात्र दोन्ही यायला हवेत. दुसऱ्या प्रकारच्या शब्दापुढे ‘अवमानकारक’ अशी स्पष्ट खूण हवी, कोण कोणाला म्हणत असे ते लिहिलेलं हवं. गाळलेल्या शब्दाबरोबर अपमानाचा पुरावाही गळतो.

आणखी एक भेद करायला हवा. गमतीदार शब्द आणि त्यांचे अर्थ यांच्या याद्या फोनवरून सतत फिरत असतात. त्यांतले पुष्कळ शब्द यादीसाठीच जुळवलेले असतात. कोणी ते कोणाला कधी म्हटलेलं नसतं. वाचून हसू येतं आणि तिथेच संपतं. त्यात वाईट काही नाही, शब्दांशी खेळणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांना बोली म्हणता येणार नाही. नागपूरकडे मूर्खाला ‘भैताड’ म्हणतात, कोल्हापूरकडे उत्तम गोष्टीला ‘नाद खुळा’ म्हणतात, तेव्हा त्यांत रागाचा नेमका अंश असतो, कौतुकाचा नेमका सूर असतो, आणि कोण कोणाला म्हणू शकतं याचे न लिहिलेले नियम असतात. धाकट्याने थोरल्याला भैताड म्हटलं तर घरात भांडण होईल. यादीतल्या शब्दाला असले नियम नसतात, कारण त्याला नातीच नसतात. नोंद करणाऱ्याने हा भेद काटेकोरपणे पाळला नाही तर कोश चुटक्यांचं पुस्तक होईल, आणि मग हे काम गंभीरपणे घेऊ नये म्हणणाऱ्यांना आयतं कारण मिळेल.

मला स्वतःला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मराठीत नामापासून सरळ क्रियापद करण्याची सोय आहे. डोकं आहे म्हणून आपण डोकावतो, हात आहे म्हणून हाताळतो, लाथ आहे म्हणून लाथाडतो, डोळे पाणावतात. कट्ट्यानेही याच रीतीने गंडा या शब्दातून ‘गंडणे’ काढलं आणि लगेच त्याचं प्रयोजकही केलं, ‘गंडवणे’. हिंदीतून ‘पकणे’ आलं तर त्यापाठोपाठ ‘पकवणे’ झालं, ‘पकाऊ’ झालं. शब्द बाहेरचा असला तरी त्याला मराठीचे सगळे प्रत्यय लागले. आता नव्या शब्दांना ते लागताना फारसे दिसत नाहीत. ट्रोल ‘करणे’, घोस्ट ‘करणे’, क्रिंज ‘होणे’. शब्द जसाच्या तसा येतो आणि पुढे करणे किंवा होणे जोडलं की काम भागतं. इंग्रजी शब्द आला याचं मला दुःख नाही; ‘टेबल’ आणि ‘पेन’ आले तसे तेही येतील. आपण त्याला हात लावत नाही, वाकवत नाही, त्याची मस्करी करत नाही, याचं दुःख आहे. ज्या पिढीची शाळा इंग्रजी, मालिका हिंदी आणि फोनवरची थट्टा दोन्ही भाषांतली, तिच्या मराठीत आज्ञा आणि चौकशी उरते, खोडी उरत नाही. आई-वडिलांशी मराठीत बोलणारी मुलं एकमेकांना चिडवताना कोणती भाषा वापरतात, हे पुण्या-मुंबईच्या कोणत्याही सोसायटीच्या मैदानावर उभं राहून ऐकावं. म्हणून मला तरुणांच्या तोंडी नवा मराठी शब्द ऐकू आला, मग तो कितीही उर्मट असो, की बरं वाटतं.

नोंदीचं काम आपल्या परंपरेत बसत नाही असं कोणी म्हणू नये. बाराव्या शतकात हेमचंद्राने ‘देशीनाममाला’ केली ती संस्कृतातून न आलेल्या, लोकांच्या तोंडी असलेल्या शब्दांसाठीच. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. त्यात ग्राम्य आणि प्रांतिक शब्दही आहेत, आणि आज जुन्या मराठीचा कोणताही अडलेला शब्द शोधायला आपण तिथेच जातो. दाते-कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड काढले, बोलींतले शब्द दाखल्यांसह दिले, आणि वाक्संप्रदायांचा कोश वेगळा केला. सरकारी बळ नसताना, वर्गणीदार जमवत केलेलं ते काम आहे. त्यानंतर गिरण्या बंद पडल्या, मटका आला, सहकारी साखर कारखाने उभे राहिले, टोळीयुद्धं झाली, फोन हातात आले. या सगळ्याने घडवलेली मराठी विखुरलेली आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या ज्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणींचं लीळाचरित्र सिद्ध केलं, तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. म्हाइंभटांची रीत आठवावी. ज्यांनी चक्रधरांना पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडे ते गेले, विचारलं, पडताळलं आणि बोलणं बोलल्यासारखंच उतरवलं. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांचं तऱ्हेवाईक बोलणं, त्यांचं रागावणंसुद्धा त्या परंपरेने सुधारून घेतलं नाही, म्हणून वऱ्हाडी मराठीचा सातशे वर्षांपूर्वीचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो. त्या विद्यापीठाने आपला पहिला मोठा प्रकल्प म्हणून हेच हाती घ्यावं, राज्य मराठी विकास संस्थेने त्याला पैसे द्यावेत. प्रत्येक शब्दामागे एक नोंदपत्र असावं: शब्द, अर्थ, गाव, बोलणाऱ्याचं वय आणि व्यवसाय, ऐकल्याचं साल, एक खरं वाक्य, आणि तो कोणाला उद्देशून म्हटला जातो. जिल्ह्याजिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांत दरवर्षी शेकडो विद्यार्थी प्रकल्प लिहितात. त्यांतल्या निम्म्यांनी पुस्तकातून पुस्तक न करता एसटी आगारात, बाजार समितीत, वीटभट्टीवर, शिकवणीच्या वर्गांबाहेर बसून वीस-वीस शब्द आणले तरी पाच वर्षांत मोठं भांडार जमेल. तपासायला बोलीअभ्यासक हवेत, आणि अवमानकारक शब्दांची खूण ठरवताना ज्यांना ते शब्द सोसावे लागले ती माणसं समितीत हवीत. सुरुवात म्हाताऱ्या बायकांपासून करावी. कट्ट्यावरची मुलं आणखी दहा वर्षांनीही भेटतील. कावळा शिवलेल्या घरांची भाषा जाणणाऱ्या बाया तोवर थोड्याच उरतील.